पुंजाचे बांध

खंडेराव शेठनं पुंजाला सात नंबरच्या तलावाच्या बांधावर उघडा केला, तेव्हा दिवस चांगला कासराभर वर आला होता आणि कामावरची झाडून सगळी माणसं तिथं हजर होती. हीच गोष्ट एखाद्या कोपऱ्यात, दोन माणसांत झाली असती तर पुंजानं ती गिळली असती. तो गिळणाऱ्यांतलाच होता. पण तलावाचा मॅनेजर भारत साहेब होता, राखणदार होते, शेठबरोबर नाशकाहून जीपमधून आलेले तीन पाहुणे होते आणि डोक्यावर खाद्याची गोणी घेतलेली त्याची सतरा वर्षांची पोर ललिताही होती.

पुंजा, त्याची बायको भागीबाई आणि ललिता ही पेठ तालुक्यातल्या करंजपाड्याची माणसं. भात झोडून झालं, नागली कणगीत पडली, की पाड्यावरची निम्मी घरं कामाला बाहेर पडतात. कुणी दिंडोरीकडे द्राक्षाला जातं, कुणी नाशकाभोवतीच्या भाजीच्या मळ्यांत. पंच्याण्णव साल उजाडता उजाडता मुकादमानं वेगळंच काम आणलं. नाशकाच्या एका शेठनं पार समुद्राकडे, खाडीच्या काठाला कोळंबीचे तलाव काढलेत आणि त्याला खेकडे धरणारी माणसं हवीत. पाड्यावर हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. खेकडे धरायची मजुरी देणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

शेठ मात्र खुळा नव्हता. पंचवटीत भाजीच्या आडतीवर उभं राहून त्यानं माणसं ओळखायला शिकून घेतलं होतं. खाडीतले खेकडे तलावाच्या मातीच्या बांधात बिळं पाडत, बिळातून पाणी गळे आणि बांध आतून पोकळ होऊन बसे. शिवाय भारत साहेबाला रोगाची धास्ती होती. खाडीच्या पलीकडच्या तलावांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला होता आणि तो खेकड्यांच्या अंगावरून येतो असं त्याला कुठल्याशा मीटिंगमध्ये सांगितलं होतं. म्हणून आठही तलावांचे बांध खेकड्यांपासून साफ ठेवायचे, हे पुंजाचं काम होतं.

आणि पुंजासारखा खेकडा धरणारा त्या अख्ख्या काठाला नव्हता. बिळाच्या तोंडाची माती चिमटीत घेऊन तो सांगे, घरात आहे की बाहेर गेलाय, नर आहे की मादी. मग बांधावर पालथा पडून खांद्यापर्यंत हात आत घाली, डोळे मिटून घेई आणि हळूच खेकड्याची पाठ धरून त्याला बाहेर काढी. रिकाम्या बिळात चिखलाचा गोळा दाबून बसवी, वरून तळहातानं थापटी. संध्याकाळी अनवाणी सगळ्या बांधांवरून फिरे. बांध टाचेनं बघायचा असतो, असं त्याचं म्हणणं होतं. दोन महिन्यांत आठही तलावांना बीळ म्हणून राहिलं नाही. शेजारचे तलाववाले मुद्दाम बघायला आले, तेव्हा पुंजा लांब उभा राहून नखातली माती काढत होता. भागीबाईला मात्र त्याचा चेहरा कळत होता.

त्या दिवशी सात नंबरच्या जाळ्यात कोळंबी कमी भरली. खरं म्हणजे राखणदारच आपल्या सोयऱ्यांना देत होते, हे कुत्र्यालाही ठाऊक होतं. राखणदारांनी पुंजाकडे बोट दाखवलं. हा दिवसभर बांधावर पालथा पडलेला असतो, ह्याचा हात कुठं कुठं जातो कोण बघतो, असं ते म्हणाले.

"कंबरेला काय रे तुझ्या?" शेठनं विचारलं.

"काय नाय शेठ. चंची हाय."

"सोड बघू."

पुंजानं चंची सोडून पुढं केली. शेठ म्हणाला, सगळंच सोड. पुंजा जागचा हलला नाही, तेव्हा एका राखणदारानं त्याचं फडकं ओढलं आणि लंगोटीची गाठ सोडली. आतून काहीच निघालं नाही. चिखलात राहून राहून पांढऱ्या पडलेल्या मांड्या आणि त्यांवर खेकड्यांनी काढलेले जुने ओरखडे, एवढंच निघालं. पाहुण्यांतला एक जण हसला. शेठ म्हणाला, "जाऊ द्या, जंगली माणसं, त्यांना काय त्याचं," आणि सगळ्यांना घेऊन आठ नंबरकडे गेला.

ललितानं गोणी खाली ठेवली आणि ती खाडीकडे तोंड करून उभी राहिली. भागीबाईनं फडकं उचलून नवऱ्याच्या हातात दिलं. त्यानं ते नेसलं, पुन्हा पालथा पडला आणि अर्ध्यावर सोडलेल्या बिळात हात घातला.

त्या दिवसापासून पुंजा भिंतीकडे तोंड करून जेवायला लागला. पोरीनं भाकर वाढायला घेतली की म्हणे, ठेव तिथं. बोलणं आधीच बेताचं, ते आता कामापुरतंही उरलं नाही. बांधांवरून फिरणं तेवढं सुटलं नाही; उलट दिवसातून दोनदा फिरू लागला. भागीबाई त्याच्या पाठीकडे बघे आणि आतल्या आत जळत राही. भांडून काही होणार नव्हतं. रडायचं तर तिला कधीच जमलं नव्हतं. शेठनं जे केलं ते त्याच्या घशात परत घालायचं, एवढं एकच तिच्या मनानं घेतलं. घालायचं कसं, ते मात्र कळत नव्हतं.

*

खाडीवर तिची एक मैत्रीण झाली होती, चिमणाबाई. मासे धरणाऱ्या घरातली, पन्नाशीची, काटक बाई. ओहोटीला खडकांवरची कालवं फोडायला यायची आणि येताना गावाकडचं गोडं पाणी कळशीभर आणून भागीबाईला द्यायची. तलावांपाशी एक विहीर होती, पण तलावात खारं पाणी भरल्यापासून ती खारट झाली होती. त्या पाण्यात डाळ शिजत नसे आणि अंगाला खाज सुटत असे. मजुरांनी तक्रार केली तेव्हा शेठनं खाजेच्या गोळ्या पाठवल्या होत्या.

"हितं समदी तिवराची झाडी होती," चिमणाबाई हातातल्या लोखंडी आकड्यानं तलावाकडे दाखवून म्हणायची. "मानूस आत शिरला तर दिसत नव्हता. पान्यात मुळ्या आनि मुळ्यांत बोय मासळीची पिल्लं. ह्यानं मशीन आनलं आनि चार दिवसांत समदी उपटली. आता पिल्लांनी ऱ्हावं कुठं?"

दर पंधरा दिवसांनी भारत साहेब तलावांच्या मोऱ्या उघडायचा. तळाचं काळं, कुजक्या खाद्याचं पाणी फेस काढत खाडीत उतरायचं आणि त्याचा वास भाकरीलासुद्धा लागायचा. चिमणाबाई एक कालव फोडून भागीबाईपुढं धरायची. आत मांस नसायचंच, काळा गाळ भरलेला असायचा.

"शंभर फोडते तवा धा भरलेली निघतात. आधी उलटं होतं."

भागीबाईला खाडीचं फारसं कळत नव्हतं, पण पाण्यातून जेवण काढणं तिला कळत होतं. करंजपाड्याला ओहोळ आटत आला की बाया मोहाची पेंड कुटून डोहात टाकत. मोहाच्या बियांचं, टोळंबीचं तेल काढल्यावर उरते ती पेंड. घटकाभरात मासे गरगरत वर येत आणि पोरं टोपल्या भरत. हीच पेंड इथंही वापरतात, हे पाहून तिला पहिल्या दिवशी घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं. कोळंबीचं बी सोडण्याआधी तलावातले इतर मासे मारायला शेठनं त्यांच्याच डोंगरातून पेंडीच्या गोण्या आणवल्या होत्या. खाद्याच्या शेडमध्ये त्यातल्या दोन अजून पडून होत्या.

तिला एकदम वाट दिसली. मासा मरतो, मग कोळंबी कशी वाचेल? आणि तलावाला खाद्य टाकायचं काम तिचं आणि ललिताचंच होतं.

दोन दिवस ती टोपलीतून थोडी थोडी पेंड काढत राहिली. शेडमागच्या फुटक्या पिंपात भिजत घालून वर गोणपाट टाकलं. तिसऱ्या दिवशी ललिताला कपडे धुवायला पाठवलं आणि दुपारच्या खाद्याबरोबर सगळी भिजकी पेंड तिनं सात नंबरमध्ये ओतली. तोच तलाव तिला हवा होता. पाण्याला तांबूस फेस आला. पाणी घुसळणाऱ्या पंख्यांनी तो तलावभर पसरवला. संध्याकाळी भाकरी थापताना बऱ्याच दिवसांनी तिनं नवऱ्याला चटणी वाढू का म्हणून दोनदा विचारलं.

सकाळी सात नंबरच्या काठाला कोळंबीच कोळंबी लागली होती. पांढरी, पोकळ, लाटेबरोबर हलणारी. भागीबाईनं खाली वाकून एक उचलली. बोटांत नुसतं टरफल आलं. दुसरी उचलली, तेही टरफलच.

भारत साहेब धावत आला, जाळं टाकून कोळंबी वर काढली आणि हसायलाच लागला. "एकदम सगळ्यांनी कात टाकली की! आता बघा कशी फुगते." सोमवारी त्यानं पाण्यात काही नवीन औषध टाकलं होतं, त्याचाच हा गुण असं त्यानं ठरवून टाकलं. आता कात टाकलेल्या कोळंबीला ताजं पाणी हवं, म्हणून ओहोटी बघून त्यानं सात नंबरची मोरी उघडली. अर्धा तलाव खाडीत गेला.

भागीबाई टरफल हातात धरून तशीच उभी होती. ओहोळात पेंड टाकल्यावर मेलेला खेकडा तिनं कधी पाहिला होता का? मेलेला झिंगा? चाळीस वर्षं ती मासे वेचत होती. दगडाखालून चालत जाणारे खेकडे तिच्या डोळ्यांसमोर होते आणि तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. लहान पोरालासुद्धा कळलं असतं. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

शेठ खूश होऊन आला. येताना द्राक्षांची पेटी आणली. भारत साहेबाची पाठ थोपटून झाल्यावर त्यानं मजुरांना एकेक घड वाटला आणि भागीबाईच्या हातात स्वतः दिला. "खाद्य तू टाकतेस ना सातला? हात चांगला आहे तुझा." तिनं घड घेतला. न घेऊन करते काय?

*

त्या आठवड्यात चिमणाबाई पाणी घेऊन आली नाही. चौथ्या दिवशी भागीबाईच खाडीच्या तोंडाशी तिला शोधत गेली. वाटेवर चिखलात बोय पडले होते, जिताड्याची बोटभर पिल्लं पडली होती, चिखलातल्या निवट्या मासळ्या पोट वर करून सुकल्या होत्या. वरून घारी फिरत होत्या आणि त्यासुद्धा खाली उतरत नव्हत्या. चिमणाबाई घरापुढं जाळं धूत होती.

"जाळ्यात समदं मेलेलं आलं," ती मान वर न करता म्हणाली. "पोटात घालायची हिंमत झाली नाय, पुरून टाकलं. आमची मानसं भांडायला आलेली तुमच्या तलावावर. काठ्या घेऊन पळवली त्यांना. ऐकलं असशील."

भागीबाईनं ऐकलं होतं. शेडच्या दारातून पाहिलंही होतं. ती चिमणाबाईसमोर चिखलातच बसली.

"पेंड मी टाकली," ती म्हणाली.

चिमणाबाईचे हात थांबले. भागीबाईनं मग सगळं सांगितलं. बांधावर काय झालं, पुंजा कसा जेवतो, पिंप, टरफलं, द्राक्षं, काही ठेवलं नाही. सांगून झाल्यावर ती शिव्यांची वाट बघत राहिली.

"तुझा राग शेठवर," चिमणाबाई म्हणाली, "आनि मेली आमची पोरंबाळं खातात ती मासळी."

"व्हय."

"आता गप बसनार?"

"नाय," भागीबाई म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. "गप बसवत नाय मला."

चिमणाबाईनं जाळं बाजूला ठेवलं. पलीकडच्या काठाला उघडे पडलेले तलाव दिसत होते. रोग आल्यावर तिथला मालक पंप उचलून निघून गेला होता. मेलेली कोळंबी तळाशी कुजत होती.

"तिकडं आता नुसत्या चिंबोऱ्या हायेत, तुमचं खेकडं," ती म्हणाली. "मेलेलं खाऊन टच्च झाल्यात. आमी कुनी धरत नाय. तुझा भारत साहेब काय म्हनतो, रोग कशानं येतो?"

भागीबाईनं तिच्याकडे पाहिलं. दोघींनाही एकाच वेळी कळलं.

"पन रोग आला की तो मोऱ्या उघडंल," भागीबाई म्हणाली. "समदं खाडीतच यील. तुमच्याच."

"आताबी येतंयच की." चिमणाबाई उठली आणि होडीचा दोर सोडायला लागली. "शेठ पंधरा दिवसांनी एकदा मारतो, पुन्ना पंधरा दिवसांनी मारतो. त्यापरीस एकदाच मरू दे खाडी. तो निघून गेला म्हंजे वरीस दोन वरसांनी काय तरी परत यील. तो हाय तवर कायबी येनार नाय. बस होडीत."

भर दुपारी, राखणदार जेवून आडवे झाले होते तेव्हा त्या दोघी पलीकडे गेल्या. भागीबाई पुंजाइतकी तरबेज नव्हती. पहिल्याच बिळात तिच्या करंगळीला खेकड्याची नांगी लागली आणि रक्त आलं. दुसऱ्या बिळात तिनं डोळे मिटले, तो मिटतो तसे. चोवीस खेकडे धरले, एकेकाच्या नांग्या दोरीनं आवळल्या आणि टोपलीवर तिवराचा पाला घातला. दुसऱ्या दिवशी खाद्याच्या टोपलीत तळाला खेकडे, वर खाद्य. प्रत्येक तलावात तीन. दोरी सोडून पाण्यात सरकवताना ती प्रत्येकाला मनातल्या मनात सांगत होती, जा बाबा, पोट भरून खा.

पुंजा त्या वेळी चार नंबरच्या बांधावर टाचा टेकत चालला होता. तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

*

सहाव्या दिवशी सात नंबरमधली कोळंबी खाद्य खाईना. आठव्या दिवशी ती काठाला येऊन पडायला लागली, अंगानं लालसर, डोक्याच्या कवचावर पांढरे ठिपके. भारत साहेबानं चुना टाकला, औषध टाकलं, नाशकाला फोनवर फोन केले. मग तीन नंबर गेला, मग पाच. बाराव्या दिवसापर्यंत आठही तलावांचे काठ मेलेल्या कोळंबीनं भरले होते आणि ती टरफलं नव्हती. भागीबाईनं एक उचलून दाबून पाहिली. आत मांस होतं.

दिवसभर ती मेलेली कोळंबी टोपल्यांनी उपसत होती. हात कोपरापर्यंत सडक्या पाण्यानं भरले होते, घाणीनं इतर बायका ओकत होत्या आणि हिच्या अंगात मात्र दहा वर्षांपूर्वीचं बळ आलं होतं. ललितानं विचारलंसुद्धा, "आये, तुला वास नाय येत?"

"येतो की," भागीबाई म्हणाली.

शेठ आला तो सरळ बांधावर. दाढी वाढली होती, चपला चिखलात रुतत होत्या, पण त्याला त्याचं भान नव्हतं. भारत साहेबानं आठही मोऱ्या उघडल्या होत्या. पाणी ओसरलं तसे मोऱ्यांच्या जाळीला अडकलेले खेकडे सापडले, काही जिवंत, काही मेलेले. त्यानं ते बादलीत भरून शेठपुढं ठेवले. नोकरी जायची वेळ आली की माणूस जे करतो तेच त्यानं केलं.

"साहेब, मी काळजी घेतली होती. हे बघा. बांधात खेकडे राहिले."

सगळ्यांनी पुंजाकडे पाहिलं.

"ये इकडं," शेठ म्हणाला. पुंजा आला. "एकच काम दिलं होतं तुला. एकच. हे काय आहे?" त्यानं बादलीतून एक मेलेला खेकडा काढून पुंजाच्या छातीवर फेकला.

पुंजानं छातीवरचा चिखल पुसला नाही. "माझ्या बांधात खेकडा नाय, शेठ," तो म्हणाला. महिन्याभरात त्याचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"मग हे काय आकाशातून पडले? दिवसभर बांधावर लोळायचा तू, झोपा काढायचा. कसला रे तू खेकडेवाला?"

राखणदार हसले. मजुरांतलेही दोघे हसले, करंजपाड्याचे, घरचे. पुंजा बादलीतल्या खेकड्यांकडे बघत राहिला. उघडा केला त्या दिवशी तो पुन्हा पालथा पडून कामाला लागला होता. आज त्याला बांधाकडे बघवत नव्हतं, आणि ते भागीबाईला दिसलं. शेठनं फडकं ओढलं तरी ह्या माणसाजवळ एक गोष्ट उरली होती. त्या आठ बांधांवर तो दिवसातून दोनदा फिरत होता तो त्या गोष्टीसाठीच. ती गोष्ट शेठनं घेतली नव्हती. ती तिनं स्वतः, खाद्याच्या टोपलीतून नेऊन पाण्यात सोडली होती.

हातातली टोपली खाली ठेवून ती पुढं आली.

"खेकडं मी सोडलं," ती म्हणाली. "पलीकडच्या मेलेल्या तलावातलं. हरेक तलावात तीन."

वारा होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. शेठनं तिच्याकडे असं पाहिलं की ही कोण, हेच त्याला आठवत नव्हतं.

"तू? कशासाठी?"

"तुमी ललिताच्या बापाला उघडा केला. हितंच."

"कुणाला?" शेठ म्हणाला. "कधी?"

तो सोंग करत नव्हता. त्यानं भारत साहेबाकडे वळून विचारलं, कधी? भारत साहेब खाली बघत पुटपुटला, "ते... सातचं जाळं कमी भरलं होतं तेव्हा." शेठनं कपाळाला आठ्या घातल्या, आठवल्यासारखं केलं आणि हात झटकला. भागीबाई त्या झटकलेल्या हाताकडे बघत राहिली. एवढे दिवस ती ज्याच्यासाठी जळत होती ते त्या माणसाच्या लक्षातसुद्धा नव्हतं.

"नवऱ्याला वाचवते ही," शेठ म्हणाला. "हिला काय कळतंय रोगाचं? खेकडे सोडले म्हणे. ह्या आळशानं बिळं ठेवली आणि ही सारवतेय. हाकला ह्यांना."

"शेठ," पुंजा म्हणाला.

त्यानं छातीवरचा चिखल आता पुसला आणि दोन पावलं पुढं झाला. शेठच्या तोंडाकडे तो सरळ बघत होता.

"खेकडं दाखवू नका. बीळ दाखवा."

"काय?"

"बांधातला खेकडा बीळ सोडून ऱ्हात नाय. आठ तलाव उघडं पडल्यात. पानी नाय, कायबी लपलेलं नाय. फिरा, आनि एक बीळ दाखवा. दाखवलंत तर माझा हात तोडा, ह्यो उजवा. नाय दावलं, तर माझी बाई खरं बोलती. खेकडं तिनं आनलं."

"अरे, तुझी बायको जेलात जाईल," भारत साहेब न राहवून म्हणाला.

"जाऊ दे," पुंजा म्हणाला. "माझा बांध साफ हाय."

ललितानं आईचा पदर घट्ट धरला. भागीबाईला मात्र नवऱ्याचा राग आला नाही. त्याचा तो आवाज ऐकून तिचे डोळे भरून आले आणि सगळ्यांसमोर भरून आले त्याचीही तिला लाज वाटली नाही.

शेठ रागारागानं स्वतः निघाला. मागं भारत साहेब, राखणदार, मजूर, आणि सगळ्यांच्या पुढं पुंजा, टाचा टेकत. एक नंबर झाला, दोन झाला. बांधांचे उतार उघडे पडले होते. जागोजाग थापटलेल्या चिखलाचे गोळे बसलेले दिसत होते आणि त्यांवर पुंजाच्या पंजाची खूण होती. राखणदारांनी काठ्या खुपसून पाहिल्या. चार नंबरपाशी शेठची चप्पल तुटली. ती तिथंच टाकून तो पुढं गेला. आठ नंबरच्या टोकाला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.

"नाही साहेब," भारत साहेब म्हणाला. "एकही नाही."

पुंजा करंजपाड्याच्या त्या दोघांकडे वळला. ते जागच्या जागी खाली बघायला लागले. मग शेठनं भागीबाईकडे पाहिलं आणि ह्या वेळी नीट पाहिलं. तिचं तोंड, चिखलानं भरलेले हात, करंगळीची जखम, सगळं. हे तोंड आता हा विसरणार नाही, हे तिला कळलं. त्यानं राखणदाराला गाडी काढून पोलिसांना आणायला सांगितलं तेव्हा तिला भीती वाटायला हवी होती. ती वाटली, पण फार मागं कुठंतरी.

पोलिसांची गाडी यायला दुपार टळली. शिपाई पुंजाला नाव, गाव विचारत होता आणि पुंजा त्याला आठही बांधांची हकीगत पहिल्यापासून सांगत होता. बीळ कसं ओळखायचं, गोळा कसा बसवायचा, आत हात किती घालायचा. शिपायानं दोनदा सांगितलं, ते राहू दे. तो थांबला नाही.

गाडीत बसायच्या आधी भागीबाईनं खाडीकडे पाहिलं. मोऱ्यांतून येणारं पांढरट पाणी ओहोटीबरोबर खाडीच्या तोंडापर्यंत पसरलं होतं. त्यात गुडघाभर उभी राहून चिमणाबाई आपलं जाळं वर ओढत होती. तिनं गाडी पाहिली, पण हात हलवला नाही. जाळ्यात जे आलं होतं ते ती एकेक करून बाजूला टाकत राहिली. शेठपुढं भागीबाईची मान शेवटपर्यंत ताठ राहिली होती. इथं ती तिनं खाली घातली आणि गाडी हायवेला लागेपर्यंत वर केली नाही.